पेटीमागचा फिल्टर

मी डिझेलचा फिल्टर बोलतोय. खरं सांगायचं तर अर्धा फिल्टर. माझा वरचा भाग कुठे गेला ते मला ठाऊक नाही. खालचा भाग आर्वीत एका एस्टी ड्रायव्हरच्या घरी आरशाखालच्या फळीवर असतो. आज १९८८ साल चालू आहे. मी सतरा वर्षांचा झालो. आमच्यात हे वय म्हणजे खूपच.

माझं काम आधी सांगतो. गाडीच्या टाकीतून नळीवाटे इंजिनाकडे डिझेल जातं. त्याच्यासोबत गंज, माती, पाण्याचा थेंब असं काहीबाही असतं. ते अडवून धरायचं आणि स्वच्छ तेवढं पुढे सोडायचं. काम नीट चाललेलं असेल तोवर कुणाला आमची आठवण येत नाही. ही तक्रार नव्हे. नाकातल्या केसांची तरी कोण आठवण काढतं?

माझा जन्म १९७१ सालचा, दसऱ्याच्या चार दिवस आधीचा. आर्वीच्या एका तांबटानं मला जाड पितळी पत्र्यातून घडवलं. उंची वीतभर, आत लोकरीच्या नमद्याची जाड चकती, वर आट्यांचं झाकण. ज्यांनी मला घडवून घेतलं ते अण्णाजी म्हणजे संत्र्याच्या बागेचे मालक. त्यांच्याकडे डिझेलवर चालणारी, मागे लाकडी हौदा असलेली एक पिकअप गाडी होती. संत्र्याच्या पेट्या तिच्यात भरून ते पुलगाव स्टेशनवर मालडब्यात चढवायचे.

इंजिनाजवळ कारखान्याचा एक फिल्टर होताच. पण बागेतलं पाण्याचं इंजिन गाळानं एकदा ऐन हंगामात बंद पडलं, तेव्हापासून अण्णाजींचा एकावर विश्वास नव्हता.

"घराले एक दरवाजा असला त चोर एकदाच अडते," ते तांबटाला म्हणाले. "मले दोन दरवाजे पाह्यजे."

तो दुसरा दरवाजा म्हणजे मी. ड्रायव्हरच्या सीटखाली, चेसीच्या आतल्या बाजूला अण्णाजींनी मला स्वतः बसवलं. मिस्त्रीला हातही लावू दिला नाही. त्यामुळे झालं असं, की गाडीच्या कुठल्याही पुस्तकात माझं नाव नाही आणि कुठल्याही मिस्त्रीला माझा पत्ता नाही.

दरवर्षी दसऱ्याला सकाळी अण्णाजी गाडीखाली पोतं अंथरून आडवे व्हायचे. मला उतरवायचे, झाकण फिरवायचे, घासलेटात धुवायचे, नमद्याची नवी चकती बसवायचे. मग खिळ्यानं माझ्या अंगावर एक रेघ ओढायचे आणि रेघेशेजारी कुंकवाचं बोट टेकवायचे. बाकीचे लोक बॉनेटला हार घालून मोकळे होतात. गाडीच्या पोटाशी पाठीवर झोपून पूजा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझ्या जागेवरून माणसांचे पायच दिसत. मी माणसं पायांवरून ओळखायला शिकलो. अण्णाजींच्या कॅनव्हासच्या बुटांच्या टाचा दुमडलेल्या असत. स्टेशनवरच्या हमालांच्या पायांना संत्र्याच्या पेट्यांत भरलेलं भाताचं तणस चिकटलेलं असे. तो वास अजून आठवतो, ओलं तणस, संत्र्याची साल आणि गरम झालेलं डांबर. पाच वर्षं मी त्या वासात काढली. पाच रेघा अंगावर घेतल्या.

१९७६ साली अण्णाजींचे गुडघे धरले. गाडी विकायची ठरली. मोठ्या आंजीचे किराणा दुकानदार हिरालालशेठ गाडी पाहायला आले. वर्ध्याहून माल आणायला त्यांना गाडी हवी होती.

"हिरालालभाऊ, सीटखाली एक पितळी गाळणी हाये," अण्णाजींनी सांगितलं. "दरसाल दसऱ्याले धूजा."

"हो हो, धुतो ना," म्हणत शेठजींनी मागच्या टायरवर लाथ मारून पाहिली. "हे टायर अजून किती दिवस जाते?"

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, प्रमिलाबाईंना, सांगितलं की गाडीसोबत एक पितळी गाळणीपण भेटली. प्रमिलाबाई लगेच बाहेर आल्या. सीट उचलून आत हात फिरवला. चहाची गाळणी काही सापडली नाही.

"म्हाताऱ्यानं ठेवून घेतली वाटते," त्या म्हणाल्या. "एवढ्या बागा, अन् गाळणी सुटली नाई."

मी त्यांच्या बोटांपासून चार इंच खाली होतो. मला हाक मारता आली असती तर सगळं पुढचं टळलं असतं.

महिन्याभरात शेठजींनी जॅक आणि दोर ठेवायला एक लाकडी पेटी सुताराकडून करून घेतली आणि नेमकी माझ्यासमोर चार बोल्ट मारून ठोकली. माझ्यापुढे अंधार झाला. एका फटीतून फक्त रस्त्याची पट्टी दिसायची. कधी काळी, कधी लाल मुरमाची.

शेठजींचा ड्रायव्हर होता तानबा. आंजीचाच. तिशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा. गाडी सुरू करण्याआधी चारही टायरांवर अंगठा दाबून पाहायचा आणि चावी फिरवताना म्हणायचा, "चाल वो माय." चढावर गाडीचा श्वास लागला की त्याचा आवाजही हळू व्हायचा. चार वर्षं तो माझ्यापासून हातभर उंचीवर बसला. त्याचं वजन मला पाठ होतं. जेवून आला की वेगळं, उपाशी असला की वेगळं.

ते दिवस चांगले होते. वर्ध्याहून मीठ, गूळ, सरकीच्या ढेपेची पोती यायची. कधी शाळेचे बाक, कधी एखाद्या लग्नाचे भोंगे, कधी बाळंतपणाहून परतणारी लेक पाळण्यासकट. पाळणा असला की तानबा खड्डे असे चुकवायचा, की माझ्यातलं डिझेल डचमळायचं नाही. दसरे येत होते, जात होते. मला कुणी धुवत नव्हतं. गाळ तळाशी बसत होता, पण बेताबेतानं. मी तग धरून होतो.

मग १९८० साल आलं. डिझेलची टंचाई झाली. पंपावर ड्रम घेऊन रांगा लागू लागल्या. शेठजींनी ओळखीतून एक ड्रम मिळवला आणि दुकानामागच्या गोदामात कुलपात ठेवला. रोज सकाळी तानबा यायच्या आधी ते स्वतःच नरसाळ्यानं टाकीत डिझेल ओतू लागले.

एकदा वर्ध्याला चंद्रभान मिस्त्रीच्या गॅरेजात ऑइल बदलायला गाडी उभी होती. हे चंद्रभान शेठजींचे जुने ओळखीचे. ड्रमचं ऐकून ते म्हणाले, "शेठजी, ड्रमातलं डिझेल असंच ओतत नका जाऊ. आत गंज राह्यते. गाळून टाका. अन् जाडंभरडं नका लावू, पोत्या-गोत्याचा तुकडा त बिलकुल नाई. पातळ पाह्यजे."

"पातळ?" शेठजींनी विचारलं.

"हो, पातळच. त्यातूनच बरोबर गळते."

शेठजींनी तो शब्द आणखी दोनदा पुटपुटला. मग म्हणाले, "बरं बाप्पा. तू म्हनते त पातळ."

मला त्या पुटपुटण्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

चार-पाच दिवसांतच माझ्याकडे काहीतरी वेगळं येऊ लागलं. गंज मला ठाऊक होता, माती ठाऊक होती. हे मऊ होतं. बारीक बारीक तंतू, आणि त्यांच्यासोबत पांढरी खळ. तंतू एकमेकांत गुंतत, खळ त्यांच्यावर लिंपली जाई. नमद्यावर एक साय धरली. आठवड्याला ती जाड होत गेली. दसऱ्यापर्यंत मला श्वास घेणं जड जाऊ लागलं. मी डिझेल सोडत होतो, पण थेंबाथेंबानं. सपाटीवर गाडी चालायची. आर्वीच्या रस्त्यावर चढ लागला, इंजिनाला जास्त तहान लागली, की मी पुरा पडायचो नाही. गाडी झटके खायची आणि बंद पडायची. पाच-दहा मिनिटं उभी राहिली की पुन्हा चालू.

चंद्रभाननं इंजिनाजवळचा फिल्टर बदलला. तिथे सगळं स्वच्छच होतं, मी अलीकडेच अडवत होतो ना! नळीला खालवर हात लावल्यानं दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा चढावर उभी.

आर्वीच्या बाजारात कुणीतरी शेठजींच्या कानात सांगितलं, "डिझेलात घासलेट असलं त अशीच करते गाडी. डायवरले विचारा."

दिवाळीनंतरचा तो शुक्रवार. आंजीचा बाजार भरला होता. गाडी दुकानासमोर उभी होती आणि तानबा मिठाची पोती उतरवत होता. माझ्या फटीतून खूप पाय दिसत होते.

"तानबा, डिझेल कोनाले देऊन राह्यला?" शेठजींनी गादीवरूनच विचारलं.

"काय म्हनलं शेठजी?"

"तू डिझेल काढते अन् घासलेट भरते. नवा फिल्टर टाकला, तरी गाडी गुदमरते. मंग हे काय भुताटकी हाये?"

"टंचाईत कास्तकाराच्या पान्याच्या इंजिनाले डिझेल पाह्यजेच असते बाप्पा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "बिचाऱ्यानं धरम केला." लोक हसले.

तानबानं हातातलं पोतं खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. त्याचे पाय दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. तराजूच्या पारड्यात चावी पडल्याचा आवाज मी ऐकला.

"शेठजी, सोमवारी वर्ध्याले एस्टीची मुलाखत हाये. जुन्या मालकाचा वर्तणुकीचा दाखला मांगतला हाये. तुमी देतो म्हनलं होतं."

"कायचा दाखला देऊ? चोरीचा?"

 ड्रायव्हर माणूस एका शब्दावर जगतो. आंजीच्या बाजारात चोर म्हटलेल्या माणसाला एस्टी राहिली बाजूला, बैलगाडीवरही कुणी बसवणार नव्हतं. खरं काय ते सांगू शकणारा त्या सबंध बाजारात मी एकटाच होतो, आणि मी तोंडात बोळा कोंबलेला, पेटीमागे बसलेला.

तानबा हळू आवाजात म्हणाला, "मले उद्याचा दिवस द्या. गाडी अथीच राहीन, तुमच्या डोळ्यापुढं. तिच्यात काई नाई भेटलं त कागदावर चोर लिवून द्या. तो कागद घेऊन मीच वर्ध्याले जातो."

शनिवारी सकाळी तो आला तेव्हा सोबत त्याची बायको भागीरथा होती. भाकरीचं फडकं तिच्या हातात होतं.

"घरी चाला मुकाट्यानं," ती म्हणत होती. "ज्याले तुमचा इस्वास नाई, त्याची गाडी काऊन दुरुस्त करता?"

"गाडीनं काय केलं माह्यं?"

"गाडीनंच त केलं सगळं!"

"तिले बोलता येत नाई म्हनून," तानबा म्हणाला आणि पोतं अंथरून खाली शिरला.

मी त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. फटीतून, तुकड्यातुकड्यानं. भुवईवर जुन्या जखमेचा व्रण होता.

त्यानं घाई केली नाही. आधी इंजिनाकडची नळी सोडवली आणि डिझेल ओढणारा छोटा हातपंप दाबला. थेंब, थेंब, मग नुसती हवा. नळी परत लावली. मग टाकीकडची नळी सोडवली. डिझेल भळभळा वाहिलं, त्याच्या बाहीवर सांडलं. ते त्यानं हुंगलं आणि बाही बाहेर काढून ओरडला, "भागीरथे, याले घासलेटाचा वास येते का पाह्य!"

"नाई येत," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, दुकानाकडे तोंड करून, "नाईच येत!"

"म्हनजे टाकीतून चांगलं निंगते अन् इंजिनात पोचत नाई. मधात कोनतरी बसलं हाये."

त्यानं टाकीच्या टोकाला नळी पकडली आणि डोळे मिटून बोटांनी तिच्यावरून पुढे पुढे येऊ लागला. वीत, दुसरी वीत. माझ्याकडे येणारी ती बोटं मला नळीतून जाणवत होती. लाकडी पेटीपाशी ती थांबली. नळी पेटीमागे जात होती. पलीकडून बाहेर निघत होती ती मात्र दुसरी, तांब्याची, सुताच्या फरकानं बारीक.

"हे नळी बदलली कोनं?" तो स्वतःशीच म्हणाला.

पेटीचे चार बोल्ट गंजले होते. त्यांच्यावर डिझेल टाकून त्यानं भाकरी खाल्ली. परत येऊन पाना लावला. तीन निघाले, चौथा तुटला. पेटी बाजूला झाली आणि चार वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

"आगागा!" तानबा म्हणाला. "तू कोन रे बाप्पा?"

अंगठ्यानं त्यानं माझ्यावरचा चिखल खरवडला. रेघा उघड्या पडल्या. त्या त्यानं मोजल्या. "पाच बखत धुतलं कोनंतरी. मंग कोनं पाह्यलंच नाई याले."

त्यानं मला उतरवून दुकानाच्या पायरीवर ठेवलं तेव्हा शेठजी आणि प्रमिलाबाई बाहेर आले.

"अहो!" प्रमिलाबाईंनी गालावर हात ठेवला. "हेच ते पितळी गाळणी! अन् मी चार वर्षं त्या म्हाताऱ्याले बोल लावले!"

शेठजींना अण्णाजींचं वाक्य आठवलं असावं. त्यांचा आवाज उतरला. "बरं झालं भेटलं. जुना गाळ होय, दुसरं काई नाई. कोनाचाच दोष नाई मंग."

"झाकन खोलून पाहू," तानबा म्हणाला.

झाकण हलेना. चार वर्षांत आटे एकजीव झाले होते. दुपारच्या बसनं चंद्रभान मिस्त्री आले. तानबानं सकाळी वर्ध्याला जाणाऱ्या कंडक्टरजवळ त्यांना निरोप दिला होता. त्यांनी मला शिकंज्याच्या लोखंडी जबड्यात आवळून पाहिलं, हातोडीनं ठोकून पाहिलं.

"कापाच लागते," ते म्हणाले.

तानबानं माझ्यावर हात ठेवला, क्षणभरच. मग करवत चालू झाली.

दुखलं का, असं कुणी विचारेल. करवतीचं दुखलं नाही. पण घडवणाऱ्या हातांनी ज्या अंगावर रेघा ओढल्या, ते अंग दोन झालं. तरी मी करवतीला अडलो नाही. माझ्याकडे साक्ष होती आणि ती पोट फाडल्याशिवाय देता येत नव्हती.

मी उघडलो. तळाशी काळा गाळ, बोटभर. त्याच्यावर नमद्याला चिकटलेली जाड साय.

"गाळ त खाली बसला हाये, त्यानं गाडी नाई अडत," चंद्रभान म्हणाले. "पर हे वरचं काय होय?" चिमट्यानं त्यांनी एक टोक धरलं आणि ओढलं. हातभर लांब धागा निघाला. डिझेलानं भिजलेला, पण रंग स्पष्ट. वांगी.

"डिझेलात लुगडं कोन धुऊन राह्यलं?" चंद्रभान हसत सुटले. भागीरथाही पदर तोंडाला लावून हसली.

हिरालालशेठ हसले नाहीत. ते एकदम दुकानातल्या तराजूकडे पाहू लागले.

प्रमिलाबाईंनी दुसरा धागा उचलला. तो पिवळा होता. उजेडात धरला, दोन बोटांत चोळला.

"हे माह्यं पातळ हाये," त्या म्हणाल्या. "गेल्या सालच्या भाऊबीजेचं. वांगी रंग, पिवळे काठ. मी घडीपन मोडली नव्हती. सगळी पेटी दोनदा उपसली म्या त्याच्यासाठी. अहो, इकडं पाहा ना!"

शेठजी वळले ते चंद्रभानवरच. "तूच म्हनला होता! पातळ पाह्यजे म्हनून!"

"म्या?" चंद्रभानची करवत हातातच राहिली. "पातळ म्हनजे पातळ, शेठजी! पातळ फडकं! म्या काय वयनीचं पातळ मांगतलं होतं?"

"मंग फडकं म्हनायचं!"

"अन् नवंच काऊन घेतलं?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "जुने चार पडले होते गोधडीसाठी."

"जुन्यात मळ राह्यते म्हनून," शेठजी अगदी बारीक आवाजात म्हणाले. "नवं चांगलं गाळीन असं वाटलं. पदर कापला, नरसाळ्याले बांधला. रोज नवा तुकडा."

कापलेल्या कडांचे धागे आणि गिरणीची खळ, रोज सकाळी नरसाळ्यातून माझ्यापर्यंत. इतके दिवस ज्याला मी अडवून धरलं होतं त्याचं नाव मला तेव्हा कळलं.

चंद्रभान इतके हसले, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. पण तानबा हसला नाही. त्यानं चिंधीला हात पुसले, एकेक बोट वेगळं.

"शेठजी," तो म्हणाला, "काल बाजारात पन्नास मानसं होते. आज आपन पाचच हाओत."

हसणं थांबलं.

शेठजी आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते लिहिलेला कागद घेऊनच. त्यांनी तो स्वतः वाचून दाखवला. वाचताना ते अक्षराअक्षराला अडखळत होते:

"दाखला देतो की, तानबा याने माझ्याकडे चार वर्षे गाडी चालविली. गाडी चांगली चालवितो. त्याच्यावर मी भरबाजारात डिझेलचोरीचा खोटा आळ घेतला. चूक माझी होती. सही, हिरालाल."

तानबानं कागद घेतला, पुन्हा वाचला आणि डोकं खाजवलं. "शेठजी, एस्टीचे सायब हे वाचून मले घेतीन का? चोरीचं नाव आलं का ते पुढचं वाचनारच नाईत."

"पर हे खरं हाये."

"खरं हाये, म्हनूनच त. निस्तं लिवा, गाडी चांगली चालवते."

"ते त कोनीबी लिवते!" शेठजी चिडले. "मी पन्नास मानसापुढं बोललो. आता हे कागदावर नाई राह्यलं त कुठं राहीन?"

दोघंही हटेनात. शेवटी प्रमिलाबाई म्हणाल्या, "दोन लिवा. एक सायबाले, एक त्याले. अन् येत्या शुक्रवारी बाजारात तोंडानं सांगजा. आता कागद आना, नाईतर पातळासारखा तोबी कापसान."

रविवारी गाडीला नवा फिल्टर बसला. चंद्रभाननी वर्ध्याहून आणलेला, काचेच्या वाटीचा, आत काय आहे ते बाहेरून दिसणारा. मी पायरीवर दोन तुकड्यांत पडून पाहत होतो. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. माझं पोट काचेचं असतं तर एका माणसाची एक वाईट रात्र वाचली असती.

तानबा गाडीखाली शिरला. थोड्या वेळानं शेठजींनी धोतराचा काचा मारला आणि तेही पोत्यावर आडवे होऊन त्याच्याशेजारी सरकले. प्रमिलाबाई दारातून पाहतच राहिल्या.

"दाखव मले," शेठजी म्हणाले. "उद्यापासून तू नसशीन."

"हे पाहा. टाकीकडची नळी आधी, मंग इंजिनाकडची. बाणाची खून पाह्यजा, उलटा लावू नका. लावला का हे नट अर्धं ढिलं करा अन् हातपंप दाबा. बुडबुडे येतीन. बुडबुडे बंद झाले का आवळा. हवा राह्यली त गाडी सुरू होनार नाई."

शेठजींनी पंप दाबला. बुडबुडे आले. दोघं शेजारी शेजारी उताणे, वर गाडीकडे पाहत. अशा वेळी माणसांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही.

"तानबा, एक सांगू?"

"सांगा ना."

"दाखला द्याले जीव होत नव्हता माह्या. तू गेला त असा डायवर मले कुठं भेटते? म्हनून लोकाइनं सांगतलं अन् मी लवकरच मानलं. फार लवकर मानलं."

 बुडबुडे बंद झाले. स्वच्छ डिझेल नटाखालून झरलं.

"चौदाचा पाना द्या," तो म्हणाला.

शेठजींनी पाना दिला. तानबानं नट आवळला आणि मग पाना शेठजींच्या हातात परत ठेवून म्हणाला, "अखरीचा आटा तुमी द्या. तुमची गाडी हाये."

सोमवारी तो मुलाखतीला गेला. साहेबांनी साधा दाखला वाचला, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला सांगितली आणि पुढच्या महिन्यात त्याला आर्वी डेपोत घेतलं. शुक्रवारी शेठजींनी बाजारात तोंडानं सांगितलं की नाही, ते मी ऐकलं नाही. तोवर तानबानं मला, म्हणजे माझ्या खालच्या भागाला, मागून घेतलं होतं. पण त्या शुक्रवारनंतर आंजीत शेठजींना पाठीमागे 'पातळशेठ' म्हणू लागले असं भागीरथा सांगते. म्हणजे सांगितलं असणारच. त्याशिवाय हे नाव गावाला कुठून मिळणार?

अण्णाजी गेले. ती पिकअपही गेली, भंगारात निघाली असं कळलं. संत्र्यांच्या वासाची, लाल मुरमाच्या पट्टीची, डोक्यावर बसलेल्या त्या ओळखीच्या वजनाची मला आठवण येते. दर सणाला भागीरथा मला चिंचेनं घासते. मी लखलखतो. काम मात्र काही उरलं नाही.

जाता जाता माझी एवढीच विनंती आहे. गाडी गुदमरली तर आधी नळीवरून बोट फिरवा, टाकीपासून इंजिनापर्यंत, घाई न करता. माणसाकडे बोट दाखवायला सगळा दिवस पडलेला असतो.

साहेबांना न दाखवलेला तो दुसरा कागद तानबानं घडी करून माझ्यात ठेवला आहे. तो कधी उघडत नाही, कुणाला दाखवत नाही. वर झाकण नसल्यामुळे घडीच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, शाई फिकी होत चालली आहे. पण 'खोटा' हा शब्द शेठजींनी टाक दाबून लिहिला होता. तेवढा अजून कागदाच्या पाठीमागूनसुद्धा बोटाला लागतो.